बाबा म्हणतात, ‘तुम्ही बघा, मी पडतो’

पत्र

ताई, नमस्कार.

मी ४१ वर्षांची, कांदिवलीला राहते. घरात नवरा, नववीतला मुलगा आणि गेल्या जूनपासून माझे बाबा. बाबा ७४ वर्षांचे, पोस्टातून निवृत्त झालेले. आईला जाऊन तीन वर्षं झाली. गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली. बिल्डर भाडं देतो, पण त्यांना एकटं कुठे ठेवायचं म्हणून मी आमच्याकडे घेऊन आले.

शनिवारी रात्री जेवणं आटोपली की सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा असा आमचा नेम. पाळ्या लावल्यात. बाबा, मग मी, मग नवरा, मग लेक. पाच-सहा महिने छान चाललं. महिन्यापूर्वी बाबांनी ‘अशी ही बनवाबनवी’ लावला. कितव्यांदा ते देव जाणे. पुढचं वाक्य आधी स्वतः म्हणायचं, मग हसायचं, मग आम्ही हसतोय का ते बघायचं. त्या दिवशी मी ऑफिसातून वैतागून आले होते, खोटं कशाला सांगू. म्हटलं, ‘बाबा, विश्वासाने घर देणाऱ्या म्हातारीला चार बाप्ये मिळून फसवतात, यात एवढं हसण्यासारखं काय आहे?’ ते काही बोलले नाहीत. शेवटपर्यंत बसले, पण वाक्यं म्हणायची थांबली. पुढच्या शनिवारी मी ‘कोर्ट’ लावला. वीस मिनिटांत उठले. ‘कॅमेरा लावून माणूस चहाला गेलाय वाटतं,’ म्हणाले आणि आत गेले.

तेव्हापासून प्रत्येक शनिवारी तेच. ‘तुम्ही बघा, मी पडतो.’ एरवी बोलतात, भाजी आणतात, लेकाचं गणित घेतात. फक्त शनिवारी नऊ वाजले की त्यांना झोप येते. मी खोटं हसायला हवं होतं का? आणि आता पुढच्या शनिवारी लावू तरी काय?

एक लेक, कांदिवली

उत्तर

कांदिवलीच्या लेकी,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते. खोटं हसायला नको होतं. लेकीचं खोटं हसू बापाला कळतं. माझ्या सासऱ्यांचा एक किस्सा होता, बेळगावच्या स्टेशनावर हरवलेल्या ट्रंकेचा. दर दिवाळीला सांगायचे आणि आम्ही दर दिवाळीला हसून दाखवायचो. एका वर्षी त्यांनी तो अर्ध्यावरच सोडला. ‘पुढचं पाठ आहे तुम्हाला, हसून घ्या,’ म्हणाले आणि चकली उचलली. त्या चकलीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

पण बाई, तू बोललीस ती वेळ काय निवडलीस! सिनेमा चालू, पाळी त्यांची, पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात तयार. भर पंगतीत वाढणाऱ्याला ‘आमटी खारट झालीय’ म्हणून सांगावं तसं झालं. खारट असेलही. हात धुताना सांगितलं असतंस तर त्यांनी वाद घातला असता. आणि वाद घालणारा माणूस नऊ वाजता झोपायला जात नाही.

आता आमटी खरंच खारट आहे का? तुझं पत्र आलं त्याच रात्री मी ‘बनवाबनवी’ पुन्हा लावला. शेजारी आमचे हे होते. ते कुठलाही सिनेमा पहिल्या गाण्यापर्यंत बघतात आणि पुढचा घोरत ऐकतात, सकाळी विचारलं तर ‘बरा होता’ म्हणतात. चाळीस वर्षांत त्यांनी ‘बरा’ आणि ‘लांबला जरा’ याच्यापलीकडे मत दिलेलं नाही. तुझ्या घरात निदान भांडायला माणसं आहेत, हे मी आधीच नमूद करून ठेवते.

तर सिनेमा. पहिला तास अजूनही घड्याळासारखा चालतो. वसंत सबनिसांचे संवाद आणि अशोक सराफांचा वैतागलेला चेहरा. तो माणूस विनोद करतच नाही, त्याच्यावर विनोद कोसळत असतात आणि तो ते सावरत असतो. लक्ष्मीकांत बेर्डे साडीत आहेत हे आपण विसरत नाही, सचिन साडीत आहे हे मधूनमधून विसरतो, आणि दोन्हींची गंमत वेगळी. उत्तरार्धात मात्र मलाही कंटाळा आला. ते खोटं गरोदरपण फार ताणलंय. आणि लीलाबाईंबद्दल तू म्हणतेस ते मला पटतं. नयनताराबाईंनी ती म्हातारी इतकी सरळ, इतकी मायेची केली आहे की तिला फसवताना पोटात थोडं कालवतं. शेवटी सगळ्यांना माफीही फार स्वस्तात मिळते. तेव्हा तुझं मत चुकीचं नाही. ते पुरं झालं नाही, एवढंच.

कारण या वेळी मला त्यात एक गोष्ट दिसली, जी तेव्हा हसण्याच्या भरात दिसलीच नव्हती. हा सगळा सिनेमा जागेपायी घडतो. घरमालक सुधीर जोशी, ते धनंजय मानेला, म्हणजे अशोक सराफांना, खोलीतून काढतात. मग पुण्यात बिनलग्नाच्या पोरांना कोणी जागा देईना. लीलाबाई देतात, पण जोडप्यांनाच. तिथून पुढची सगळी साडी-चोळी. मूळ कथाही अशीच, हृषीकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’ची. नावातच बघ, बायको आणि मकान, आणि भानगड सगळी मकानाची. एकट्या मुलीने भाड्याची जागा शोधताना सोसायटीच्या सेक्रेटरीसमोर बसून ‘घरी कोण येतं-जातं’ या प्रश्नाची उत्तरं दिली असतील, तर तिला धनंजय माने आपला सख्खा वाटेल. मी दिली आहेत. गोरेगावला, लग्नाआधी.

आणि तुझे बाबा सध्या कुठे राहतात? लेकीकडे. स्वतःची खोली पाडलेली, नवी अजून हवेत, कागदावर. मी काही मनाची डॉक्टर नाही. चाळ पडली म्हणून ‘बनवाबनवी’ लावला, असं सरळ गणित मी मांडणार नाही. हसायला येतं म्हणूनच लावला असेल. पण पत्रात तू ‘आमच्याकडे’ लिहिलंयस, तेवढं माझ्या नजरेत राहिलं.

दुसरं एक गणित मात्र मांडते, ते सोपं आहे. सिनेमा आला १९८८ साली. तेव्हा बाबा असतील सदतिसेक वर्षांचे. तू चारेक वर्षांची. आणि तुझी आई होती. त्यांनी तो पहिल्यांदा कुठे पाहिला, कुणाबरोबर, तुला मांडीवर घेतलं होतं की शेजारणीकडे ठेवलं होतं, हे तू कधी विचारलंयस? नसशील तर आधी ते विचार. शनिवारी रात्री नको. सकाळी भाजी निवडताना, गवारीचे दोर काढताना वगैरे. विचारायचं आणि गप्प बसायचं. ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं’ असले मुलाखतीचे प्रश्न नकोत.

आमच्या पिढीचं सिनेमाशी नातं थोडं गर्दीचं आहे, म्हणून हे सांगते. मुंबईचं दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला, पण आमच्या परळच्या चाळीत पहिला टीव्ही आला त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. त्या दहा बाय बाराच्या खोलीत तीस माणसं. पोरं पुढे जमिनीवर, बायका पलंगावर, पुरुष दारात आणि गॅलरीत, आणि घरमालकीण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, कारण तिला तिच्याच घरात जागा उरायची नाही. मधेच वीज गेली की पुढची गोष्ट कोणीतरी थेटरात बघून आलेला सांगायचा. नंतर व्हीसीआर भाड्याने आणायची पद्धत आली. वर्गणी काढायची, रात्रभरात तीन कॅसेटी संपवायच्या, पहाटे दूधवाला आला की शेवटचा सिनेमा वेगाने पुढे पळवायचा. त्या काळातल्या कित्येक सिनेमांचे शेवट मला अजून माहीत नाहीत. पण मला मांडी कोणाची होती ते आठवतं. त्यामुळे आमच्या वयाचं माणूस ‘काय सिनेमा होता!’ म्हणालं तर ते सगळंच्या सगळं सिनेमाबद्दल असेल असं समजू नये.

मतं बदलतातही, बरं का. ‘उंबरठा’ १९८२चा. मी सासूबाईंबरोबर पाहिला, लग्नानंतर लवकरच. स्मिता पाटील नवरा आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमात नोकरीला जाते. थेटराबाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘असल्या बायका सिनेमातच.’ बसमध्येही तोच विषय. मी नवी सून, मान डोलावली. वीसेक वर्षांनी तोच सिनेमा टीव्हीवर लागला. सासूबाई तोवर थकल्या होत्या, सासरे गेले होते. शेवट झाल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘बरं केलं गेली ती.’ आणि पानाचा डबा शोधायला लागल्या. मी त्या बसमध्ये मान डोलावली नसती, भांडले असते, तर कदाचित आमचं हे बोलणं वीस वर्षं आधी झालं असतं. म्हणून म्हणते, भांड. फक्त वेळ बघून.

आता ‘कोर्ट’. इथे मला तुझ्या निवडीपेक्षा बाबांच्या कानांचा संशय येतो.

हसू नकोस. वय झालं की कानातून आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, फ, थ ही अक्षरं त्यातली. त्यामुळे माणसाला आवाज येत राहतो, पण शब्द फुटत नाही. त्यात हल्लीचे टीव्ही पाटासारखे पातळ, त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून भिंतीशी बोलतात. जुन्या सिनेमात बहुतेक संवाद नंतर स्टुडिओत बसून स्वच्छ भरलेले, आणि बोलणारी माणसं नाटकातली. डॉ. लागू, अशोक सराफ, शरद तळवलकर. शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोचवायची सवय हाडात मुरलेली. आणि ‘कोर्ट’मध्ये? खऱ्या कोर्टासारखं पुटपुटणं. पंखे फिरतायत, कागद वाजतायत, न्यायाधीश टंकलेखकाला अर्ध्या आवाजात मजकूर सांगतायत. तीच त्याची खुमारी आहे. पण ज्याला शब्द कळत नाहीत त्याच्यापुढे काय उरतं? एक हॉल आणि हलत नसलेला कॅमेरा.

आमच्याकडे हेच झालं. हे सहा महिने म्हणत होते, ‘आजकालचे नट तोंडातल्या तोंडात बोलतात.’ मलाही पटायचं. मग एक दिवस लिफ्टमन काय म्हणाला ते यांनी तीनदा विचारलं, आणि लिफ्टमन काही नट नव्हे. कानाच्या डॉक्टरकडे नेलं, तपासणी झाली, यंत्र घेतलं. ते यंत्र आता कपाटाच्या खणात व्यवस्थित आहे. तेव्हा त्या बाबतीत माझ्याकडून फार उपदेश घेऊ नकोस. पण तपासून घे. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये बोलणं ठळक करणारा पर्याय बहुतेक वेळा असतो, तो लाव. खाली अक्षरं लाव. मराठी सिनेमाला मराठी अक्षरं क्वचितच देतात, इंग्रजी असतात, ही एक वेगळीच थट्टा आहे. पण पोस्टातल्या माणसाला इंग्रजी वाचायचं वावडं नसणार.

आणखी एक, टीव्हीचंच. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो. नवे टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने तयार करून भरतात, की हालचाल गुळगुळीत दिसावी. मग कुठलाही सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसतो आणि कोणाला सांगता येत नाही की काय बिघडलंय, नुसतं ‘खोटं वाटतं’ म्हणतात. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. चित्राच्या सेटिंगमध्ये ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ निवडलं की बहुधा ते बंद होतं. तुझा लेक दोन मिनिटांत करेल. जुना चौकोनी सिनेमा पडदाभर ताणला असेल तर तोही मूळ आकारात आणायला सांग. सुलोचनाबाईंचा चेहरा पसरट बघवत नाही.

पण ‘कोर्ट’बद्दल मला खरं सांगायचं ते वेगळंच. ‘कॅमेरा लावून माणूस चहाला गेलाय’ हे वाक्य तुला टोमणा वाटलं. मला ते वाचून हसू आलं, आणि मग वाटलं, अरे, या माणसाने बरोबर ओळखलंय! दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेने तेच केलंय. माणसं बोलून निघून जातात तरी कॅमेरा तिथेच बसून राहतो. २०१५ साली या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली, ती बरीचशी याच गोष्टीवर. बाबांनी एका वाक्यात सांगितलं. तू त्याला उत्तर द्यायला हवं होतंस. ‘हो ना बाबा, पण का गेला असेल?’ एवढं म्हटलं असतंस तरी ते दारातच थांबले असते. त्यांनी मत दिलं आणि कोणी ते उचललंच नाही. आधीच्या शनिवारी त्यांच्या हसण्याचं झालं तेच या शनिवारी त्यांच्या बोलण्याचं झालं. मग माणूस पडणारच.

तो सिनेमा सोडून देऊ नकोस. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लाव, आणि आधी फक्त एवढंच सांग की त्यातल्या सरकारी वकीलबाईंकडे बघा. गीतांजली कुलकर्णी. कोर्टात एका शाहिराला आत टाकायला निघालेली बाई, लोकलमधून घरी येते, वाटेत मुलाला घेते, स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. त्या बाईचा राग करावा की तिच्या हातचं जेवावं, हे मला तीनदा बघूनही ठरवता आलेलं नाही. बाबांना विचार. पोस्टात त्यांच्या शेजारच्या टेबलावर अशी एखादी बाई बसली असेलच.

दुसरा प्रश्न, पुढच्या शनिवारी काय. त्याआधी मी इतक्यात घरी काय काय पाहिलं ते सांगते, त्यातून तुला हवं ते घे.

‘घरौंदा’, १९७७चा. तरुणपणी मला त्यातली गाणी तेवढी आठवायची. आता बघवेना इतका खरा वाटला. फ्लॅटसाठी पै-पै साठवणारी दोघं, पैसे बुडवणारा बिल्डर, आणि मग तो पोरगा आपल्याच मुलीला सांगतो की आजारी साहेबाशी लग्न कर, तो काही फार दिवस जगत नाही. अमोल पालेकर म्हणजे साधा-भोळा, हे डोक्यात पक्कं बसलेल्याने हा जरूर बघावा. आणि साहेब झालेले डॉ. लागू! पण बिल्डरचं भाडं घेणाऱ्या बाबांना हा सध्या दाखवू नकोस, हात जोडते.

‘द लंचबॉक्स’ दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्या वेळी इरफान खान आवडला होता, या वेळी वरच्या मजल्यावरची ती काकू, जी दिसतच नाही. नुसता भारती आचरेकरांचा आवाज आणि दोरीने खाली येणारी टोपली. ‘द डिसायपल’ चांगला आहे. रात्रीच्या रिकाम्या मुंबईत मोटारसायकल चालवत कानात गुरूंच्या गुरूचं बोलणं ऐकणारा तो गायक डोळ्यासमोरून जात नाही. पण बाबांसाठी नको. तोही ताम्हाणेचाच, आणि कॅमेरावाला पुन्हा चहाला गेलाय. ‘वाळवी’ लेकाच्या पाळीला सुचव. दोन तासांच्या आत संपतो, खुनाचा बेत आहे आणि हसू येतं. आमचे हे त्यात झोपले नाहीत, याहून मोठी शिफारस माझ्याकडे नाही. बाकी दोन-तीन नवे हिंदी पाहिले, त्यांची नावंही आता सांगता यायची नाहीत. सगळ्यांच्या स्वयंपाकघरात मधोमध ओटा आणि कोणाच्याच घरात कुकरची शिट्टी नाही.

तुझ्या पाळीला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लाव. परेश मोकाशींचा, २००९चा, म्हणजे तुझ्या हिशेबाने नवा. ‘वाळवी’ही त्यांचाच. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा केला त्याची गोष्ट. घरातलं सामान विकून चाललंय आणि माणूस खुशीत आहे, बायको हसत-रागावत साथ देतेय, नंदू माधव टोपी घालून तुरुतुरु चालतायत. दीड तासाच्या आसपास संपतो. त्यात तुमच्या घरासाठी दोन गोष्टी आयत्या आहेत. एक म्हणजे गिरगाव. ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तो गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात. बाबा गिरगावकर. सिनेमातलं गिरगाव सेटवरचं आहे हे ते पाचव्या मिनिटाला ओळखतील आणि खरं कॉरोनेशन कुठे होतं, ट्राम कुठून जायची, यावर लेकाला ऐकवतील. ऐकवू दे. सिनेमा थांबवायचं बटण त्यासाठीच असतं. थेटरात ही सोय नव्हती.

दुसरी गोष्ट साड्यांची. तेव्हा सिनेमात काम करायला बाई मिळेना. फाळक्यांनी शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना तारामती केलं. आपल्या सिनेमाची पहिली राणी म्हणजे साडी नेसलेला बाप्या. मिशी काढायला तयार नसलेल्या पुरुषांना फाळके साड्या नेसवून सूप-केरसुणी हातात देतात, ती तालीम बघताना तुझा लेकसुद्धा हेडफोन काढेल. आणि मग तू, सहज, चहाचे कप उचलताना वगैरे म्हणू शकतेस की बाबा, साडी नेसण्यात धनंजय मानेची मंडळी बरी की ही? तिथे लीलाबाईंचा विषय काढलास तरी चालेल. आता ती वेळ बरोबर आहे. बाबा म्हणतील, ‘अगं, तिला शेवटी कळतंच की.’ तू म्हण, ‘कळतं, पण फार उशिरा.’ पुढचं तुमचं तुम्ही बघा.

त्यानंतर बाबांनी त्यांची पाळी घेतली तर ‘मुंबईचा जावई’ हळूच सुचव, १९७०चा. चाळीतल्या भरल्या घरात नवराबायकोला दोन घटका एकान्त मिळेना, एवढीच गोष्ट. बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत ‘पिया का घर’ केला. आता चार खोल्यांत चार माणसं चार पडद्यांसमोर बसतात, आणि माझ्या भाचीला हा सिनेमा बघून प्रश्न पडला की ‘ते लोक हॉटेलात का गेले नाहीत?’ मी तिला समजावायचा प्रयत्न केला, पण माझ्याच्याने झालं नाही. बाबांच्याने होईल.

आणि त्यांनी पुन्हा ‘बनवाबनवी’च लावला तर? लावू दे. एखादं वाक्य त्यांच्याआधी तू म्हणून टाक. तुला पाठ नाही असं सांगू नकोस, चारेक वर्षांची असल्यापासून तू ती ऐकतेयस.

हे उत्तर मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. निम्म्यापर्यंत हुंकार येत होते, मग बंद झाले. शेवटी डोळे न उघडताच विचारतात, ‘मग मिळाली का जागा त्यांना?’ मी म्हटलं, कोणाला, बनवाबनवीतल्यांना की या बाबांना? तर घोरायला लागलेले.

ताई